चीफ शेलारांचे थांबे

चीफनी पहिल्याच दिवशी माझ्यासमोर एका तीस वर्षांच्या, लग्न झालेल्या, एका मुलीच्या बापाच्या कानफटात मारली. मी कुपवाडच्या त्या शेडमध्ये कॉम्प्युटरच्या नोकरीची चौकशी करायला गेले होते आणि अजून दारातच उभी होते. मार खाणाऱ्याने गाल चोळला, माझ्याकडे पाहिलं आणि प्लास्टिकची खुर्ची पुसून पुढे केली. "बसा म्याडम. चीफ आत्ताच मोकळं झाल्यात." तो मिलिंद कांबळे. मारणारे विलास शेलार. पुढची सहा वर्षं मी या दोघांबरोबर काढली.

शेलार मूळचे साताऱ्याकडचे. त्यांच्या गावातून घरटी एक माणूस फौजेत. हे तेवढे नौदलात गेले, पाणबुड्या झाले आणि चीफ पेटी ऑफिसर म्हणून परत आले. गावाला ही भानगड कधी कळलीच नाही. फौजेतून आलेला तो मेजर, एवढंच तिकडे ठाऊक. "काय मेजर" अशी हाक आली की यांचं डोकं फिरायचं. एकदा सख्ख्या मेव्हण्याला त्यांनी याच कारणावरून लग्नाच्या पंगतीतून उठवून मांडवाबाहेर नेलं होतं. मेव्हणा बुंदी हातात घेऊन बाहेर गेला आणि परत आला तेव्हा "चीफ" म्हणायला लागला होता.

कुपवाडात त्यांनी पाण्याखालच्या कामांची छोटी कंपनी काढली होती. पुलाचे पाये तपासणं, धरणाच्या दरवाजांची रबरं बदलणं, साखर कारखान्याच्या विहिरीतला अडकलेला पंप सोडवणं. एका बाजूला फाउंड्री, दुसऱ्या बाजूला खोक्यांचा कारखाना आणि मध्ये आमची शेड. रबराच्या नळ्या, हेल्मेटं, कॉम्प्रेसर, आणि भिंतीवर प्लास्टिकमध्ये मढवलेली टेबलं.

टेबल म्हणजे आकड्यांचा तक्ता. एका बाजूला खोली, दुसऱ्या बाजूला वेळ. एवढ्या फुटांवर एवढी मिनिटं काढली तर वर येताना कुठे किती वेळ थांबायचं, ते त्यात असतं. पाण्याच्या दाबाखाली श्वासातला वायू रक्तात मुरतो. सावकाश वर आलात तर तो गुपचूप निघून जातो. घाई केलीत तर सोड्याची बाटली फोडल्यासारखा रक्तातच फसफसतो. मग सांधे धरतात, पाय जातात, कधी माणूसच जातो. मिलिंदला बसलेली ती थप्पड दोन मिनिटांची होती. आदल्या दिवशी तो दहा फुटांवरच्या थांब्यातून दोन मिनिटं आधी वर आला होता.

"दोन मिन्टं म्हंजी काय असतंय म्हाईत हाय का तुला?" चीफ त्याला विचारत होते. "गुडघ्याच्या खालचा भाग असतोय."

टेबलात तुमचा नेमका आकडा नसेल तर पुढचं मोठं घर धरायचं, असा नियम आहे. एकोणीस मिनिटं झाली तर वीसचं घर, त्र्याऐंशी फूट असेल तर नव्वदचं. चीफनी हा नियम सगळ्या संसाराला लावून टाकला होता. पाहुणे पाच येणार असतील तर सातांचा स्वयंपाक. साडेदहाची गाडी असेल तर नऊला स्टँडवर. मला मुलगी झाली तेव्हा तिला झबलं आणलं ते दोन वर्षांच्या पोरीचं. "पुढलं घर धरलंय," म्हणाले. काकू म्हणजे त्यांची बायको म्हणायची, "आवं, ह्यांनी मला बघाय येताना बी लग्नाचीच साडी आणलीती."

मला त्यांनी घेतलं ते सॉफ्टवेअरसाठी. डायव्हचं नियोजन आता कॉम्प्युटरवर होतं, मोठी कामं देणाऱ्यांना छापील प्लॅन लागतो. मी एका खोलीत बसून सॉफ्टवेअरवर प्लॅन करायचा, चीफनी दुसऱ्या खोलीत टेबलावरून करायचा, मग दोन्ही कागद शेजारी ठेवायचे आणि ज्यात जास्त वेळ थांबायला सांगितलंय तो पाळायचा. सॉफ्टवेअरवर त्यांचा राग नव्हता. राग होता तो त्यावर टेकून झोपणाऱ्यांवर.

मिलिंदकडे हौसेने घेतलेला मनगटी डायव्ह कॉम्प्युटर होता. घड्याळासारखा. तुम्ही किती खोल गेलात, किती वेळ होतात, अंगात अजून किती वायू उरलाय, सगळं तो लक्षात ठेवतो. कृष्णेवरच्या एका पुलाच्या कामावर मिलिंद सकाळी खाली जाऊन आला आणि दुपारी दुसरा गडी उतरणार होता, त्याला मिलिंदने तो बांधायला दिला. मनाने चांगला म्हणून दिला. चीफनी गडी उतरायच्या आधी ते पाहिलं. मनगटावरून तो कॉम्प्युटर असा ओढला की पट्ट्याबरोबर कातडी सोलली. नाव बांधायच्या लोखंडी बोलार्डवर ठेवला आणि पाच पौंडी हातोड्याने त्याचा भुगा केला. काच उडून त्यांच्या स्वतःच्या भुवईत घुसली. रक्त डोळ्यात जात होतं आणि ते ओरडत होते, "ह्याला तुजं अंग म्हाईत हाय, मिल्या! ह्या दुसऱ्याचं न्हाई! त्यो सकाळी पान्यात न्हवताच, पर हे समजणार त्यो व्हता! उद्या उलटं झालं, आन् तू सकाळी बुडी मारून दुपारी ह्याचं कोरं घड्याळ बांधलंस, तर त्ये तुला सांगंल, जा गड्या, बिनघोर जा. आन् तू जाशील!"

पुढच्या महिन्यात त्यांनी नवा आणला आणि मिलिंदच्या अंगावर फेकला.

लोक मला विचारतात, अशा मारकुट्या माणसाकडे राहिलीस कशी? मला मारामारी आवडत नाही. चीफनी माणसांवर हात टाकला तो मला पटला असं मी आजही म्हणणार नाही, आणि मी तोंडावर तसं सांगायचे. ते म्हणायचे, "बराबर हाय तुजं," आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा कुणाचा तरी गाल लाल. पण एक सांगते. त्यांच्याकडे आलेला प्रत्येक पाणबुड्या संध्याकाळी आपल्या पायांनी चालत घरी जायचा. त्या माणसाला जगात दुसरं काही नको होतं. देवळात गेले तरी ते एवढंच मागत असणार.

एकदा मात्र चूक त्यांचीच झाली, आणि ती आमच्याच भागात होऊ शकते अशी चूक होती.

साताऱ्याच्या डोंगरातल्या एका धरणावर काम होतं. तिथलं पाणी समुद्रापेक्षा बरंच उंचावर, हवा विरळ, म्हणून टेबलातले समुद्राचे आकडे तिथे तसेच चालत नाहीत. चीफनी उंचीची दुरुस्ती करून आकडे काढले, मीही काढले, दोन्ही जुळले. मिलिंद खाली गेला, सगळे थांबे घेऊन वर आला, चहा प्यायला आणि मोटरसायकलला किक मारून निघाला. त्याची बायको सुजाता पाचगणीच्या एका निवासी शाळेत मेस सांभाळायची. दुसऱ्या दिवशी सुट्टी होती.

मी लॅपटॉप आवरत होते. सॉफ्टवेअरच्या फॉर्ममध्ये शेवटी एक रिकामी चौकट असायची: डायव्हनंतर जास्तीत जास्त किती उंचीवर जाणार? ती विमानाने जाणाऱ्यांसाठी, असं धरून मी कधी भरलीच नव्हती. त्या दिवशी सहज विचारलं, "चीफ, ह्यात काय टाकू?"

ते वाकून बघत राहिले. मग अगदी हळू म्हणाले, "घाट."

मिलिंद घाट चढून पाचगणीला चालला होता. धरणाच्या हिशेबाने अंगात उरलेला वायू घाटमाथ्यावरच्या आणखी विरळ हवेत फसफसणार होता. आम्ही जीप काढली. त्या वळणांवर चीफनी जीप हाणली आणि मी दोन्ही हातांनी दाराची कडी धरून बसले. माथ्याच्या अलीकडे मोटरसायकल आडवी पडलेली दिसली. मिलिंद कठड्याला टेकून दोन्ही कोपरं धरून गुरासारखा ओरडत होता, आणि स्ट्रॉबेरी विकणारी एक बाई त्याच्या तोंडावर पाणी मारत होती. "पाय न्हाईत, चीफ," तो म्हणाला. "पाय लागंनात." त्यांनी त्याला खांद्यावर टाकला, ऑक्सिजन लावला आणि जीप खाली वळवली. सखल भागातून लांबचा वळसा घालून पाण्याखालचा दाब पुन्हा देणारी बंद टाकी, म्हणजे प्रेशर चेंबर असलेल्या इस्पितळात पोहोचवला. पाय परत आले. महिनाभर लंगडला, मग नीट चालायला लागला.

त्या इस्पितळाच्या आवारात चीफ जीपच्या बॉनेटवर डोकं आपटत होते. एकदा, दोनदा नाही, पत्रा आत जाईपर्यंत. दोन वॉर्डबॉय आणि मी, तिघांनी मिळून धरले तरी आवरेनात. "समुद्राला घाट नसतोय गं," म्हणत होते. "बावीस वर्सं समुद्रात काढली. समुद्राला घाट नसतोय."

त्यानंतर नियम झाला. धरणाचं काम संपलं की कुणीही घाट चढायचा नाही, दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत सगळ्यांनी खालीच राहायचं. चीफ स्वतः मटण रांधायचे. मिलिंदच्या ताटात दोन डाव जास्त पडायचे.

आता शेवटच्या कामाचं सांगते.

तेही एक धरणच होतं. नाव सांगत नाही. शंभर फूट खाली दरवाजाच्या चौकटीतलं रबर झिजलं होतं, ते मिलिंदने तपासायचं होतं. दरवाजाच्या पलीकडे एक व्हॉल्व्ह, त्याचं चाक वरच्या खोलीत. तो बंद असला की दरवाजापाशी पाणी स्थिर. तो उघडला की शंभर फुटांचं पाणी ज्या फटीतून वाट मिळेल तिथून पलीकडे धावतं आणि फटीपाशी जे असेल ते ओढून घेतं. म्हणून माणूस खाली असताना व्हॉल्व्हच्या चाकाला चीफची साखळी आणि चीफचं कुलूप. किल्ली त्यांच्या गळ्यात. आणि एक गडी खाली तर दुसरा काठावर पूर्ण तयारीत, हेल्मेट तेवढं बाजूला. त्या दिवशी दुसरे चीफच होते. आमच्या शेडमधला सदा हवेची नळी धरून होता, मी फोनपाशी. पाणबुड्याच्या हेल्मेटमध्ये फोन असतो, काठावरच्या पेटीतून त्याचा श्वाससुद्धा ऐकू येतो.

अठराव्या मिनिटाला त्या पेटीतून मिलिंदची किंकाळी आली.

चीफ वर व्हॉल्व्हच्या खोलीकडे धावले. मीही जिन्यावरून पाहिलं. साखळी ग्राइंडरने कापून जमिनीवर पडली होती. धरणाच्या दुरुस्तीचा ठेकेदार चाकापाशी उभा होता. दुपारी साहेब लोक पाहणीला येणार होते, त्याआधी चाक फिरतंय का ते त्याला बघायचं होतं. तो म्हणाला, "आवं, दोनच आटं उघडलाय. दोन आट्यानं काय हुतंय?"

चीफनी भिंतीला टेकलेला लोखंडी दांडा उचलला आणि त्याच्या जबड्यावर घातला. हाड मोडल्याचा आवाज मला खालपर्यंत आला. ठेकेदार पडला, त्याला ओलांडून त्यांनी चाक फिरवून बंद केलं, परत धावत आले, हेल्मेट चढवलं आणि उडी टाकली. मिलिंद अजून ओरडत होता. उजवा हात कोपरापर्यंत फटीत गेला होता. ओढ थांबली होती, पण चेपलेला हात निघत नव्हता.

पहारीने फट फाकवायला चीफना तेहेतीस मिनिटं लागली. मी दर मिनिटाला वेळ सांगत होते, कारण तेच माझं काम होतं. ते मिलिंदशी बोलत होते, शिव्या देत होते. "डोळं मिटू नगंस भडव्या. मी सांगल्याबिगर मिटायचं न्हाईत." मग हात सुटला, आणि पेटीतून चीफचा श्वास ऐकू आला.

"वैशाली. ह्याला वर याया किती लागंल?"

मी दोन्ही कागद पाहिले. "दोन तासांच्या वर."

"रगात लय चाललंय. आवळलंय तरी ऱ्हाईना." मग म्हणाले, "थेट वर येतोय. दोघं बी."

दोन मिनिटांसाठी ज्याने माणसाला मारलं होतं, तो दोन तास सोडून वर येत होता. मी "चीफ" एवढंच म्हणाले.

ते वर आले तेव्हा भोवतीचं पाणी लाल झालं होतं. सदाने मिलिंदला जीपमध्ये घेतलं, एक मजूर दंड आवळून धरायला बसला, ऑक्सिजनचा मास्क लावला. चीफ हेल्मेट काढून मागे चढायला लागले. मी त्यांच्या आडवी गेले.

थांबे सोडून वर आलेला माणूस, अजून काही होत नसेल तर, पाच मिनिटांच्या आत परत पाण्यात जाऊ शकतो. पुन्हा चाळीस फुटांवर उतरायचं आणि सगळे थांबे नव्याने, वाढीव वेळेने घ्यायचे. चेंबर जवळ नसताना तेवढाच उपाय. हे मला त्यांनीच शिकवलं होतं.

"सरक," ते म्हणाले.

"तीन मिनिटं झालीत. पाण्यात जा."

"सरक म्हंतो न्हवं!"

"तुम्ही गाडीत बसून त्याचं काय करणार आहात? तिथं तुमचेही पाय जातील, मग सदा कुणाला धरेल? पाण्यात जा!" मी त्यांच्या छातीवर दोन्ही हातांनी ढकललं. मला वाटलं आता हा माणूस मला उचलून फेकणार. त्यांनी जीपकडे बघितलं. मिलिंदचे बूट मागून दिसत होते. मग ते वळले आणि हेल्मेटसाठी मान पुढे केली.

जीप गेली. नळी धरायला माणूस उरला नाही. मी एका हाताने नळी आणि एका हाताने कागद सांभाळत होते, तेवढ्यात पोलीस आले. ठेकेदाराच्या माणसांनी बोलावलं होतं. हवालदार वयस्कर, पोट सुटलेले. त्यांनी विचारलं, "शेलार कुठाय?"

मी पाण्याकडे बोट केलं.

"भाईर कवा येणार?"

मी टेबल दाखवलं. "एक तास सत्तावन्न मिनिटं."

त्यांनी तक्ता उलटसुलट करून पाहिला. "आन् आत्ता बोलावलं तर?"

"तर पांगळे होतील. नाहीतर मरतील."

हवालदारांनी टोपी काढली, दगडावर ठेवली आणि माझ्या हातातली नळी घेतली. ज्याला धरायला आले होते त्याचा श्वास ते पुढे दोन तास धरून बसले.

चाळीस फूट. तीस फूट. प्रत्येक वेळी चीफ एकच विचारत होते, "मिल्याचं काय?" मी सांगत होते, "अजून रस्त्यात आहेत." वीस फुटांवर असताना सदाचा फोन आला. इस्पितळाच्या दारात पोहोचेपर्यंतच मिलिंद गेला होता. सदा लहान मुलासारखा रडत होता. मी फोन बंद केला. टेबलात अजून शहात्तर मिनिटं होती.

"वैशाली. मिल्याचं काय?"

मी पेटीचं बटण दाबलं. "डॉक्टरांनी आत घेतलंय."

"बोलत व्हता का?"

"हो. तुमचं विचारत होता."

हवालदार माझ्याकडे बघत होते. त्यांना कळलं होतं. त्यांनी तोंड फिरवलं आणि नळी घट्ट धरली. पुढची शहात्तर मिनिटं मी खोटं बोलत राहिले. ऑपरेशन चाललंय म्हणाले. सुजाताला कळवलंय म्हणाले. हात वाचंल का, त्यांनी विचारलं. मी म्हणाले, बहुतेक. चीफ खाली हसले, मला पेटीतून ऐकू आलं. "ऱ्हाऊ दे हात गेला तर. डावरा बी चालंल मला." मी कागदावर मिनिटं लिहीत होते आणि अक्षर मलाच वाचता येत नव्हतं.

शेवटचं मिनिट पूर्ण झालं. ते शिडीने वर आले. हेल्मेट काढलं. माझं तोंड बघितलं आणि त्यांना काही विचारावं लागलं नाही.

"कवा?"

"वीस फुटांवर होतात तेव्हा."

"किती मिन्टं झाली?"

"शहात्तर."

त्यांनी मला थप्पड मारली. ओल्या हाताची, पूर्ण ताकदीने. मी खडीवर पडले, ओठ फाटला, कानात शिट्टी वाजायला लागली. हवालदार धावले. मी हातानेच त्यांना थांबवलं. चीफ माझ्यापुढे उकिडवे बसले. त्यांनी आपल्या दोन्ही गुडघ्यांवर हात ठेवले, दाबून पाहिले, पोटऱ्या चाचपल्या, पायाची बोटं हलवली.

"चालत्यात," ते म्हणाले. "माजं पाय चालत्यात, पोरी."

आणि मग त्यांनी जो हंबरडा फोडला, तसा मी त्याआधी ऐकला नव्हता आणि नंतरही नाही.

हवालदारांनी बेडी बाहेर काढलीच नाही. गाडी वर रस्त्याला उभी होती. धरणाच्या त्या बाजूला शेकडो उंच पायऱ्या आहेत, हवालदार दर वीस पायऱ्यांवर दम खात होते. चीफ काळ्या ओल्या पोशाखात त्यांच्या पुढे चढत होते. कुठेही न थांबता, कठड्याला हात न लावता, दोन्ही पाय नीट उचलत ते वरपर्यंत गेले.